घरासाठीं संगणक निवडतांना

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. आजच्या गृहस्थाला या दोहोंच्या जोडीला तिसरें एक कार्य करून पाहावें लागतें, तें म्हणजे घरासाठीं संगणकाची निवड. दुकानांत पाऊल ठेवावें तों तीन-चार तऱ्हांचीं यंत्रें समोर मांडलेलीं दिसतात. कांहीं विंडोजवर चालणारीं, कांहीं ॲपल कंपनीचीं मॅक, कांहीं गूगलच्या पद्धतीचीं क्रोमबुकें. आणि बरोबर आलेला एखादा तरुण भाचा हळूच सांगतो कीं, यंत्र कोणतेंहि घ्या, पण त्यावर लिनक्स घाला, तें फुकट मिळतें. विक्रेता स्मृतीचे आणि वेगाचे आंकडे म्हणून दाखवितो; ज्याच्यापाशीं जें यंत्र असेल तो त्याचाच अभिमानी असतो; आणि गृहस्थ अखेर किंमत पाहून एखादें यंत्र उचलून घरीं येतो.

अमुक यंत्र घ्या आणि तमुक घेऊं नका, असें सांगण्याचा आजच्या भाषणाचा हेतु नाहीं. निवड करतांना कोणते प्रश्न विचारावे आणि त्यांतला कोणता प्रश्न लोक हटकून विसरतात, एवढेंच मला सांगावयाचें आहे. त्यासाठीं मी आपणांस प्रथम १९८२ सालच्या इंग्लंडांत घेऊन जाणार आहें. घरगुती संगणकांची चुरस तेथें भर बाजारांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत झाली. आणि तींतल्या प्रत्येक पक्षाचें पुढें काय झालें हेंहि आज आपणांस ठाऊक आहे. चालू स्पर्धेपेक्षां संपलेल्या स्पर्धेपासून शहाणपण शिकणें सोपें असतें.

आरंभीं एका शब्दाचा खुलासा करतों. संगणक विकत घेणारा मनुष्य केवळ एक पेटी घेत नाहीं. त्या पेटींतील मुख्य गणकाला, म्हणजे प्रोसेसरला, समजणाऱ्या सांकेतिक आज्ञा. त्या आज्ञांनीं रचलेल्या आज्ञावली. त्या ज्या फितींवर किंवा चकत्यांवर सांठवावयाच्या त्यांवर लिहिण्याची रीत. आणि यंत्राला जोडावयाचीं उपकरणें, असा सारा परिवार त्या पेटीबरोबर घरांत येतो. इंग्रजींत याला प्लॅटफॉर्म म्हणतात. आपण त्याला घराणें म्हणूं. गवयाचें जसें घराणें असतें तसेंच हें. फरक इतकाच कीं, एका घराण्यांत तयार झालेला गवई मेहनत करून दुसऱ्या घराण्याची चीज बसवूं शकतो. संगणकाला तें सहसा साधत नाहीं.

आतां इंग्लंडकडे वळूं. १९८२ च्या जानेवारींत बीबीसीनें लोकांना संगणकाची ओळख करून देण्यासाठीं ‘द कम्प्यूटर प्रोग्रॅम’ ही दूरचित्रवाणीवरील मालिका सुरू केली. ती पाहणाऱ्यास स्वतः हात चालवून पाहतां यावा म्हणून बीबीसीच्या नांवाचें एक यंत्रहि असावें असें ठरलें, आणि तें काम केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीस मिळालें. तेंच बीबीसी मायक्रो. त्याच्या ३२ किलोबाइट स्मृतीच्या ‘बी’ नमुन्याची किंमत आरंभीं ३३५ पौंड सांगितली होती, ती लवकरच ३९९ पौंडांवर गेली. याच कामासाठीं झटलेले, परंतु तें न मिळालेले दुसरे कारखानदार म्हणजे क्लाइव्ह सिंक्लेअर. त्यांनीं एप्रिल १९८२ मध्यें ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ जाहीर केला. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांस आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांस. त्याच वर्षीं अमेरिकेंत ‘कमोडोर ६४’ हा ६४ किलोबाइट स्मृतीचा संगणक ५९५ डॉलर किंमतीस निघाला आणि थोड्याच काळांत तोहि इंग्लंडच्या दुकानांतून दिसूं लागला. हे आंकडे आज खेळण्यांतले वाटतील. आजच्या साध्या भ्रमणध्वनींतील ४ गिगाबाइट स्मृति ही त्या कमोडोरच्या स्मृतीच्या पासष्ट हजार पटींहून अधिक भरते. परंतु त्या काळच्या कुटुंबापुढील पेंच आपल्याच पेंचासारखा होता.

या तिघांत सर्वांत चांगला कोणता? बीबीसी मायक्रोचा कळफलक टंकलेखनयंत्रासारखा पक्का होता. नाना उपकरणें जोडण्याची त्यांत सोय होती. आणि त्यांतील बेसिक ही भाषा नीटनेटकी आज्ञावली लिहिण्यास शिकविणारी होती. शाळांनीं ठराविक यंत्रें घेतल्यास निम्मी किंमत सरकार देत असे, आणि हें यंत्र त्या यादींत होतें. म्हणून तें वर्गावर्गांत पोंचलें. स्पेक्ट्रमच्या कळा रबरी होत्या, आणि पडद्यावरील आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटींत दोनच रंग मावत. पण तो मध्यम स्थितींतल्या घराला परवडला, आणि म्हणून त्याच्यासाठीं खेळ लिहिणारांची रीघ लागली. कमोडोरच्या पोटांत सुरेल नाद काढणारा आणि पडद्यावर चित्रें हालविणारा असे दोन खास गणक होते. मात्र त्याच्या बेसिकमध्यें त्यांना कामाला लावणारे शब्दच नव्हते, म्हणून शिकाऊ मुलाला स्मृतींतल्या ठिकाणांचे क्रमांक पाठ करावे लागत. तेव्हां अभ्यासासाठीं एक, पैशाच्या दृष्टीनें दुसरा आणि करमणुकीसाठीं तिसरा, असें ज्यानें त्यानें ठरवावयाचें होतें. ‘सर्वांत चांगला’ या शब्दाला ‘कशासाठीं’ हें शेपूट जोडल्यावांचून अर्थच येत नव्हता.

परंतु खरी अडचण पुढेंच होती. एका यंत्रासाठीं घेतलेली आज्ञावलीची फीत दुसऱ्या यंत्रावर चालत नसे. स्पेक्ट्रमचा प्रोसेसर झेड ८० जातीचा, त्याच्या सांकेतिक आज्ञाच वेगळ्या. हें समजण्यासारखें आहे. पण बीबीसी मायक्रो आणि कमोडोर यांचे प्रोसेसर ६५०२ या एकाच कुळांतले असूनहि त्यांची देवाणघेवाण होत नसे. याचें कारण घरगुती उदाहरणानें पाहूं. दोन घरांत मराठीच बोलतात. एका घरांतील आईनें चिठ्ठी लिहून ठेवली आहे कीं, डावीकडच्या फडताळांतील तिसरा डबा काढ आणि त्यांतलें दोन चमचे दुधांत घाल. तीच चिठ्ठी दुसऱ्या घरांतील मुलाच्या हातीं पडली तर शब्द त्याला समजतील. पण त्या घरांत तिसऱ्या डब्यांत साखरेऐवजीं मीठ असेल! भाषा एक असली तरी मांडणी निराळी. पडद्याची स्मृति कोठून सुरू होते, नादाचा गणक कोणत्या क्रमांकावर उत्तर देतो, हें प्रत्येक कारखानदारानें आपापल्या सोयीनें ठरविलेलें होतें.

म्हणून ज्या घरांत स्पेक्ट्रम आला त्या घरानें स्पेक्ट्रमच्या फिती, स्पेक्ट्रमचीं मासिकें आणि स्पेक्ट्रमचाच मित्रपरिवार जमविला. वर्षा-दोन वर्षांत या गोष्टींचा खर्च यंत्राच्या किंमतीहून वर जाई. आणि मग दुसरें यंत्र कितीहि सरस निघालें तरी घर बदलण्याची इच्छा होत नसे. असा हा बांधलेपणा कोणी जुलमानें लादलेला नसतो. तो आपल्याच हातांनीं, एकेक वस्तु घेत, आपण विणीत असतों.

आणि ज्यांच्या भरंवशावर हा संसार मांडावयाचा त्यांचें काय झालें? अमेरिकेंतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही बलाढ्य कंपनी. तिनें १९८१ मध्यें ५२५ डॉलरला विकावयास काढलेला घरगुती संगणक किंमतींच्या लढाईंत शंभर डॉलरच्याहि खालीं आला, आणि ऑक्टोबर १९८३ मध्यें कंपनीनें हा धंदाच सोडला. एकॉर्नला १९८५ मध्यें इटलीच्या ऑलिव्हेट्टी कंपनीनें हात देऊन सांवरलें. सिंक्लेअर यांनीं एप्रिल १९८६ मध्यें आपल्या संगणकांचा धंदा ॲमस्ट्रॅड कंपनीस ५० लक्ष पौंडांस विकला. कमोडोरनें १९९४ मध्यें दिवाळें काढलें. कोणाहि खरेदीदारास आपला कारखानदार किती वर्षें टिकेल हें आधीं सांगतां आलें नसतें.

याच काळांत एक चौथें घराणें मोठें झालें. ऑगस्ट १९८१ मध्यें निघालेला आयबीएम कंपनीचा पीसी हा घरगुती दृष्टीनें महाग, १५६५ डॉलरपासून पुढें. आणि रंग व नाद यांत यथातथाच. परंतु त्याचे बहुतेक भाग खुल्या बाजारांतून घेतलेले होते, आणि त्याची मूळ नियामक आज्ञावली दुसऱ्यांनाहि विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्याकडे राखला होता. १९८३ मध्यें कॉम्पॅक कंपनीचें आयबीएमशीं मिळतें यंत्र विक्रीस आलें, आणि त्यामागून अनुकरणाची लाटच उठली. पुढें २००५ मध्यें खुद्द आयबीएमनें हा धंदा लेनोवो कंपनीस विकून टाकला. तरी घराणें चालूच राहिलें, कारण तें एका मालकाच्या आयुष्याशीं बांधलेलें नव्हतें. उलट बाजूहि पाहा. हरलेल्या एकॉर्ननें १९८५ मध्यें एक नवा प्रोसेसर तयार केला होता. त्याचें नांव आर्म. आज जगांतील जवळजवळ सर्व भ्रमणध्वनी आणि २०२० नंतरचे मॅक याच वंशाच्या प्रोसेसरवर चालतात. पेढी बुडते आणि तिची विद्या जगते. म्हणून कोण जिंकेल याचें भाकित करून संगणक घेण्यांत फारसा अर्थ नाहीं.

या तिकडच्या घडामोडी आपल्यापासून अगदींच दूर होत्या असें नाहीं. भारत सरकारनें १९८४ मध्यें शाळांसाठीं ‘क्लास’ नांवाचा संगणकशिक्षणाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हां त्यांत बीबीसी मायक्रोच निवडला गेला. आणि स्पेक्ट्रमची एक आवृत्ति डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीनें परवान्यानें विकली.

आतां मी मघां म्हटलेल्या, हटकून विसरल्या जाणाऱ्या प्रश्नाकडे येतों. इंग्लंडांत १०८६ सालीं विल्यम राजाच्या आज्ञेनें जमीनजुमल्याची मोठी मोजदाद झाली. तिचा ग्रंथ ‘डूम्सडे बुक’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यास ९०० वर्षें झालीं तेव्हां, १९८६ मध्यें, बीबीसीनें तसाच नवा संग्रह करविला. शाळाशाळांतील मुलांसह दहा लक्षांहून अधिक लोकांनीं आपल्या गांवांचीं वर्णनें आणि छायाचित्रें पाठविलीं, व तीं सर्व दोन लेसर चकत्यांवर सांठविलीं गेलीं. त्या चकत्या वाचण्यास बीबीसी मास्टर हा संगणक आणि एक खास वाचकयंत्र लागे. सोळा वर्षांत हीं यंत्रें दुर्मिळ झालीं. २००२ मध्यें लीड्स आणि मिशिगन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनीं त्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली नव्या संगणकावर चालवून दाखविली, तेव्हां हा ठेवा पुन्हां डोळ्यांसमोर आला. नऊशें वर्षांपूर्वींचा चामड्याच्या पानांवरील ग्रंथ मात्र जाणत्यास तसाच वाचतां येत होता. राष्ट्रीय ठेव्यासाठीं विद्यापीठें धांवलीं. आपल्या घरच्या ठेव्यासाठीं कोण धांवणार?

मराठी घरांना तर ही गोष्ट अधिक जवळची आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं संगणकावर मराठी लिहितांना रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी अक्षरांचे आकार बसविलेले टंक, म्हणजे फॉन्ट, वापरीत असत. प्रत्येक टंककाराची मांडणी स्वतंत्र. पडद्यावर ‘क’ दिसे, परंतु यंत्राच्या लेखीं तें एखादें इंग्रजी अक्षरच असे. त्यामुळें तोच मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडला कीं रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला समोर येई. किती घरांतले कुलवृत्तांत, आजोबांच्या आठवणी, आजीच्या पाककृति या अवस्थेंत चकत्यांवर पडून राहिल्या असतील! १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक मानकानें देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. ‘क’चा क्रमांक २३२५, मग यंत्र कोणत्याहि घराण्याचें असो. विंडोज २००० पासून ही सोय हळूहळू घरोघरीं आली, आणि आज सर्व प्रमुख घराणीं ती पाळतात. जुना मजकूर युनिकोडमध्यें उतरवून देणाऱ्या आज्ञावलीहि मिळतात. ज्यांच्याकडे असा मजकूर आहे त्यांनीं हें काम लांबणीवर टाकूं नये.

तेव्हां निवड करणाऱ्यानें तीन प्रश्न विचारावे. पहिला, या घरांत यंत्राचें काम काय? केवळ पत्रव्यवहार, वाचन आणि मुलांचा अभ्यास असेल, तर हीं कामें बहुतांशीं ब्राउझरमध्यें होतात आणि क्रोमबुकहि पुरतें. एखाद्यास विशिष्ट आज्ञावलीवांचून गत्यंतर नसेल, मग ती हिशेबाची असो, अभियंत्याच्या आराखड्यांची असो वा संगीताची, तर ती कोणत्या घराण्यावर चालते हें प्रथम पाहावें आणि मग यंत्र. १९७९ मध्यें ‘व्हिजिकॅल्क’ ही आंकडेमोडीची आज्ञावली प्रथम ‘ॲपल टू’वर निघाली, तेव्हां तिच्यासाठीं म्हणून व्यापारी तें यंत्र घेऊं लागले होते, तो क्रम उलटा नव्हे, सुलटाच होता.

दुसरा प्रश्न शेजाराचा. अडलें तर विचारावें कोणास? विंडोजचीं यंत्रें अनेक कारखानदार करतात, त्यामुळें किंमती नाना प्रकारच्या आणि दुरुस्ती गल्लोगल्लीं. मॅकमध्यें यंत्र आणि नियामक आज्ञावली एकाच कंपनीचीं, म्हणून दोहोंचा मेळ चांगला. पण अटीहि तिच्याच. तिनें १९९४, २००६ आणि २०२० असे तीन वेळां प्रोसेसरचें कूळ बदललें. दर वेळीं जुन्या आज्ञावलींसाठीं दुभाष्या ठेवला, आणि पहिल्या दोन वेळचे दुभाषे कांहीं वर्षांनीं निवृत्तहि झाले. लिनक्स हें १९९१ मध्यें लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं आरंभिलेलें आणि सर्वांस मोकळें असलेलें काम. जुन्या यंत्रास तें नवें आयुष्य देऊं शकतें. परंतु तो भाचा परगांवीं गेला तर पुढें काय, हें आधीं ठरवावें. याच प्रश्नांत देखभालीच्या मुदतीचाहि विचार येतो. विंडोज १० ची नेहमींची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. आणि विंडोज ११ च्या सुरक्षाविषयक अटींत न बसणारीं कित्येक धडधाकट यंत्रें मागें राहिलीं. क्रोमबुकांना १० वर्षें देखभाल मिळते, पण ती तो नमुना प्रथम निघाल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. सवलतींत मिळणारा जुना नमुना घेतांना हें ध्यानांत ठेवावें.

तिसरा प्रश्न, म्हणजेच विसरला जाणारा प्रश्न, तो हा: उद्यां हें घराणें सोडावें लागलें, तर माझ्याबरोबर काय येईल? मजकूर युनिकोडमध्यें आहे काय? तो ओडीएफ किंवा पीडीएफ यांसारख्या, २००६ व २००८ मध्यें आंतरराष्ट्रीय मानक ठरलेल्या प्रकारांत सांठवितां येतो काय? छायाचित्रें साध्या फायलींत आहेत, कीं एखाद्या आज्ञावलीच्या पोटांत, जेथून तीं एकेक करून बाहेर काढावीं लागतील? अलीकडे पुष्कळांचे कागद स्वतःच्या यंत्रावर नसून कंपनीच्या दूरच्या भांडारांत असतात. तेथें खातें हेंच घराणें. त्या खात्यांतून सर्व मजकूर एकगठ्ठा उतरवून घेण्याची सोय आहे काय, हें खातें उघडतांनाच पाहावें.

या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर विक्रेत्याच्या तोंडून ऐकून समाधान मानूं नये. तें पडताळून पाहावें. दिवाळीच्या आधीं आपण घराची झाडलोट करतों, त्याच सुमारास घरांतील महत्त्वाचे कागद आणि छायाचित्रें एका वेगळ्या चकतीवर उतरवून घ्यावीं, ती चकती दुसऱ्या घराण्याच्या यंत्राला, शेजाऱ्याच्या किंवा आप्ताच्या, जोडावी, आणि चार फायली उघडून पाहाव्या. उघडल्या तर आपण मोकळे आहों. न उघडल्या, तर काय दुरुस्त करावयाचें तें कळतें, आणि जुनें यंत्र चालतें आहे तोंवर तें करतांहि येतें. एवढी एक संवय घराला लागली, तर मग विंडोज कीं मॅक, क्रोमबुक कीं लिनक्स, हा वाद पैशाच्या आणि आवडीच्या हिशेबानें खुशाल मिटवावा. त्यांत थोडी चूक झाली तरी नुकसान एका यंत्राच्या किंमतीचें होईल. कुलवृत्तांताचें होणार नाहीं.